कोरडी आर्द्रा

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत वर्षातील चार महिने आकाश नसते. असते ते केवळ पाणी. आणि ते पाणी घाटमाथ्यावरून, पागोळ्यांतून, दाराच्या फटींतून आणि कधीमधी सावित्रीच्या कृपेने थेट ओटीवरून, इतक्या विविध मार्गांनी आपल्यापर्यंत पोहोचत असते, की ढगांच्या पलीकडे आणखी काही असावे ही कल्पनाच येथील माणूस जूनच्या पहिल्या आठवड्यात गुंडाळून माळ्यावर टाकतो आणि दसऱ्याच्या सुमारास गोधड्यांबरोबर उन्हात घालण्यासाठी खाली काढतो.

आश्चर्य असे, की ज्यांस तारे दिसत नाहीत त्यांच्याच तोंडी ताऱ्यांची नावे अखंड असतात. पुण्यामुंबईच्या एखाद्या पदवीधर गृहस्थास सत्तावीस नक्षत्रे क्रमाने सांगावयास लावली तर तो बहुधा रोहिणीपर्यंत पोहोचून पाणी मागेल. परंतु आमच्याकडील कोणताही शेतकरी, मृग कोरडा गेला, २२ जूनच्या आगेमागे आर्द्रा लागल्या, तरणा बरा पडला, म्हाताऱ्याने लावण्या उरकू दिल्या, मघांनी मात्र वाट लावली, असा अर्ध्या नक्षत्रचक्राचा पंचनामा बांधावर उभ्या उभ्या करून देतो. यांतील तरणा म्हणजे पुनर्वसू आणि म्हातारा म्हणजे पुष्य, हे त्यास निराळे सांगावे लागत नाही. शिवाय प्रत्येक नक्षत्राचे वाहन पंचांगात दिलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असल्यास पाऊस भरपूर. मोर, गाढव, उंदीर असल्यास बेताचा. कोल्हा किंवा मेंढा असल्यास ओढ ठरलेली. घोडा निघाल्यास पाऊस डोंगराळ मुलखात पडावा असा संकेत आहे, आणि आमचा समग्र मुलूखच डोंगराळ असल्यामुळे घोड्याविरुद्ध तक्रार करावयास येथे कोणास जागा राहत नाही. एकंदरीत नक्षत्र ही पावसाची एक जात आहे, ही आमच्या दोन्ही तालुक्यांची सर्वमान्य समजूत असून, आकाशस्थ तेजोगोलांना या व्यवहारात काही कामगिरी असेल असा संशय कोणास येत नाही.

अशा मुलखात तारांगण यावे ही घटना लहान नव्हे. महाडास पाहुणा आला म्हणजे त्यास रायगड दाखवावा, चवदार तळे दाखवावे आणि गांधारपाल्याची लेणी महामार्गावरूनच बोट करून दाखवावीत असा शिरस्ता आहे. आकाश दाखवण्याची वेळ यापूर्वी आमच्यावर आली नव्हती. परंतु २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त, म्हणजे १९२८ साली त्या तारखेस रामन यांचा शोध जाहीर झाला त्याप्रीत्यर्थ, महाडातील एका शाळेने फिरते तारांगण आणि सोबत मुलांनी हाताळून पाहावयाची अंतराळविषयक उपकरणे मागवल्याची वार्ता आली, पालकांसही आग्रहाचे निमंत्रण आले, आणि आमच्या घरातील मंडळींबरोबर नाना व आत्या ही दोन वडील माणसेही निघण्यास सिद्ध झाली. नाना म्हणजे माझे काका. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असून, जगातील यच्चयावत वस्तूंचा विचार ते अद्यापही हद्द, कब्जा आणि हरकत या तीन बाजूंनी करतात. आत्या पोलादपूरच्या पुढची, आंबेनळीच्या पायथ्याजवळच्या कापड्याची. तिचा दृष्टिकोन त्याहून सोपा आहे. कोणत्याही नव्या गोष्टीचा तांदळावर काय परिणाम होणार, एवढेच ती विचारते.

तारांगण या संस्थेचा इतिहास मोठा भारदस्त आहे. १९२३ साली जर्मनीतील झाइस कंपनीने ताऱ्यांचे पहिले प्रक्षेपण यंत्र तयार केले आणि म्युनिकच्या संग्रहालयात ते लोकांना दाखवले, तेव्हापासून घुमटाखाली खुर्चीत रेलून विश्वाचे दर्शन घेण्याची सोय मनुष्यजातीस झाली. आपल्याकडे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण उभे राहिले, ते आशिया खंडातील पहिले असे अभिमानाने सांगितले जाते; जपानातील ओसाका शहरात तारांगण १९३७ सालीच सुरू झाले होते, पण ही वार्ता टिळक रस्त्यावर जाऊन सांगण्याचे धाडस ओसाकाच्या नागरिकांनी अद्याप केलेले नाही, आणि भारतातील पहिले हा मान तरी कोठे लहान आहे? मुंबईचे वरळी येथील नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते खुले झाले. आमच्याकडची पुष्कळ माणसे दवाखान्याच्या वा कोर्टाच्या कामासाठी मुंबईस जातात आणि वेळ उरल्यास तारांगण पाहून यावे असा संकल्प करतात. तथापि त्यांची कामे नेमकी सोमवारी आटोपतात, आणि सोमवारी वरळीचे आकाश बंद असते.

महाडास आलेले तारांगण एका टेंपोतून, दोन पिशव्यांत भरून आले. पिशव्यांतून बाहेर पडले ते काळे अस्तर लावलेले कापड. त्यास एक ब्लोअर जोडून वारा भरताच ते फुगत फुगत शाळेच्या सभागृहात पालथ्या घातलेल्या प्रचंड रांजणासारखे उभे राहिले. आत एका वेळी तीस-चाळीस माणसे मावत असल्यामुळे उरलेल्यांनी आपला क्रम येईपर्यंत बाहेरची उपकरणे पाहावीत अशी योजना होती, आणि खरे सांगावयाचे तर पालक या प्राण्याचे निरीक्षण करण्यास याहून उत्तम जागा मी पाहिलेली नाही.

प्रत्येक उपकरणाशेजारी माहितीचा फलक होता. वडील मंडळी प्रथम मुलाचे लक्ष दुसरीकडे वेधीत, तेवढ्या अवकाशात फलक चोरून वाचीत, आणि मग जन्मजात ज्ञान प्रकट करावे त्या सहजतेने बोलू लागत. फलक जेथे संपे तेथे त्यांचे ज्ञानही संपे, आणि मुले तर प्रश्न विचारण्यास नेमकी तेथूनच सुरुवात करीत. एका गोल चौकटीवर ताणून बसवलेले लवचिक कापड होते. मध्यभागी लोखंडी गोळा ठेवला की कापडास खळगा पडावा, आणि कडेने सोडलेल्या गोट्यांनी त्या गोळ्याभोवती फेऱ्या माराव्यात, म्हणजे जड वस्तूभोवती अवकाशच वाकते या आइन्स्टाइनच्या सिद्धांताची कल्पना यावी, असा त्यामागील हेतू. एका गृहस्थांनी हे सारे आपल्या कन्येस फार सुरेख समजावून दिले. कन्येने विचारले, "बाबा, मग खरे ग्रह असे शेवटी मध्ये जाऊन का पडत नाहीत?" गृहस्थांनी घड्याळ पाहिले आणि बाहेर वडापावची गाडी लागली असल्याचे निदर्शनास आणले. वास्तविक उत्तर अवघड नव्हते. गोटीचा वेग कापडाचे घर्षण खाते, ग्रहांच्या वाटेत कापड नसते. परंतु ते फलकावर नव्हते. दुपार होता होता प्रयोगातील गोट्यांची संख्या झपाट्याने घटत गेली, त्याचे कारण मात्र आइन्स्टाइनच्या सिद्धांतात शोधावे लागले नाही; ते मुलांच्या खिशांत होते.

सर्वांत मोठी रांग वजनकाट्यांपुढे होती. एकेका काट्यावर एकेका खगोलाचे नाव लिहिलेले; पृथ्वीवर आपले जे वजन भरते ते चंद्रावर सहाव्या हिश्शाने, मंगळावर दोन पंचमांशांहून किंचित कमी आणि गुरूवर सुमारे अडीचपट भरले असते, ते उभे राहताच दिसावे. यामुळे झाले असे, की सुखवस्तू महिलामंडळाने गुरूवर बहिष्कार घातला आणि चंद्रावर इतकी गर्दी लोटली की शिक्षकांना ती पांगवावी लागली. आत्या चंद्रावर चढली. काटा बारा किलोवर स्थिरावला. तिने तो बराच वेळ पाहिला, आणि मग काट्यापाशी उभ्या असलेल्या तरुण मार्गदर्शकास विचारले,

"बाळा, तिथे रेशनचा तांदूळ कुठल्या वजनाने देतील?"

तो मुलगा हुशार होता. हसण्यावारी न नेता त्याने तिला सांगितले, की आजी, ते मापावर अवलंबून आहे. ताणकाट्याने मोजला तर पाच किलो दाखवायला सहापट तांदूळ घालावा लागेल, कारण तो काटा ओढ मोजतो आणि ओढ तिथे कमी. पण दोन पारड्यांच्या तागडीने मोजला तर जेवढा इथे तेवढाच तिथे, कारण तांदूळही हलका झाला आणि मापही तितकेच हलके झाले.

आत्याने क्षणभर विचार केला.

"म्हणजे दुकानदार तिथे तागडीच ठेवणार," ती म्हणाली, आणि चंद्रावरून उतरली.

वस्तुमान आणि वजन यांतील भेद आम्हांस शाळेत ज्यांनी शिकवला त्यांनी अखेरपर्यंत व्याख्याच पाठ करवून घेतल्या. एखाद्या दुकानदारास त्यांनी चंद्रावर धाडले असते, तर वर्गाचा निकाल काही निराळा लागता.

पुढच्या मेजावर चंद्राचा मोठा गोल होता. त्यावरील काळे डाग म्हणजे एके काळी वाहून थिजलेल्या लाव्ह्याची मैदाने असून तो खडक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच सगोत्र, म्हणजे बेसॉल्टच, आहे, हे ऐकून पोलादपूरकडील मंडळींत थोडी निराशा पसरली. कातळ पाहण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे प्रयोजन त्यांस कळेना. तेथे नाचणी होईल काय, अशी पृच्छा एकाने केली. माती नाही, पाणी नाही, असे उत्तर मिळताच, माती आमच्याकडेही कुठे राहिली आहे, असे म्हणून तो बाजूस झाला.

यथावकाश आमचा क्रम आला. त्या घुमटास दार नव्हते. आत शिरण्यास कापडाचा एक बोगदा होता, आणि घुमटातील वारा बाहेर निसटू नये म्हणून तो इतका बुटका ठेवलेला, की पादत्राणे काढून रांगत जाण्यावाचून इलाज नव्हता. मुले सळकन आत गेली. ज्यांनी प्रांतसाहेबापुढेही कधी मान तुकवली नाही असे ते स्वतःच सांगतात, ते नाना विश्वासमोर दोन्ही गुडघ्यांवर आणि दोन्ही तळहातांवर आले, आणि "नाना, माझा पदर सोडा, मी पुढे आहे," असा आत्याचा आवाज बोगद्यातून आला. आत सगळे जमिनीवर बसलो, दिवे मालवले, आणि मध्यभागीच्या यंत्राने ते काळे कापड एकाएकी ताऱ्यांनी भरून टाकले. सर्वांच्या तोंडून एकच उद्गार निघाला. त्यात थट्टा करण्याजोगे काही नव्हते.

मार्गदर्शकाने प्रथम ध्रुव दाखवला. ज्या गावचा अक्षांश जितका, तितकाच ध्रुव तेथे क्षितिजाच्या वर; महाड-पोलादपूरचा अक्षांश सुमारे १८, तेव्हा हात लांब करून उत्तरेच्या क्षितिजावर वीत उभी धरावी, म्हणजे जवळपास तिच्या टोकाशी ध्रुव सापडतो. आत्या म्हणाली, तिच्या घरी त्या जागी डोंगर आहे. यावर नानांनी अंधारातून निर्णय दिला, "ज्याची बदली होत नाही त्याला आडवळणाचंच ठाणं मिळतं."

नंतर तारकासमूहांच्या रेषा उमटल्या, आणि नाना प्रथमच सावरून बसले. आकाशाचे अधिकृत तुकडे ८८, आणि त्यांच्या हद्दी आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या वतीने देलपोर्त नावाच्या बेल्जियन ज्योतिर्विदाने आखून १९३० साली प्रसिद्ध केल्या, असे तो तरुण सांगत होता.

"हद्दी तिरप्या आहेत की सरळ?" नानांनी विचारले.

"सरळ, काका. उभ्या-आडव्या रेषांनीच आखल्या. पण त्या १८७५ सालचं आकाश धरून आखल्या; पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो, त्यामुळे त्या रेषा आता जराशा तिरप्या झाल्यात."

"जुन्या नकाशावरून मोजणी," नाना म्हणाले. त्यांच्या स्वरात निवृत्तीनंतर प्रथमच समाधान होते. "मग तंटे व्हायचेच. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या होत्या का?"

त्या तरुणाने उत्तरादाखल मृग दाखवला, ते त्याचे शहाणपण. चार कोपऱ्यांचे चार तारे, मध्ये ओळीत तीन. आणि हे दाखवताच आत्या एकदम पुढे सरकली. "हे तीन मी लहानपणापासून बघतेय! थंडीत पहाटे उठलं की पश्चिमेला कलंडलेले असायचे. हाच मृग? मग ह्याला पाऊस कधी लागला?"

तेव्हा त्या तरुणाने जे सांगितले ते ऐकून घुमटातील जाणत्या माणसांची मोठी पंचाईत झाली. सात-आठ जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्राशी येतो. म्हणजे मृगाचे तारे त्या दिवसांत सूर्याबरोबर उगवून सूर्याबरोबरच मावळतात. म्हणजे ढगाचा कण जरी आकाशात नसला तरी मृगात मृग, आर्द्रांत आर्द्रा आणि हस्तात हस्त दिसणे कालत्रयी शक्य नाही. मृग रात्रभर दिसावयाचा तो मार्गशीर्ष-पौषात, जेव्हा त्यास कोणी विचारीत नाही. आणि आर्द्रा म्हणून ज्या ताऱ्याची ओळख सांगतात, तो हा मृगाच्या खांद्यावरचा तांबडा; सूर्याच्या शेकडो पटींनी मोठा झालेला, आयुष्याच्या अखेरीस पोहोचलेला आगीचा गोळा, ज्याचा आज दिसणारा उजेड काही शतकांपूर्वी निघालेला आहे.

"हिच्या नावानं आम्ही चिखल तुडवतो!" आत्या म्हणाली. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले, "म्हणजे ज्याच्या नावानं पेरणी करायची, तो त्या वेळी जाग्यावर नसतोच?"

"अगं अक्का, कचेरीत हेच असतं," नाना म्हणाले. "हुकूम साहेबाच्या नावानं निघतो. साहेब जाग्यावर असतोच असं नाही."

माझ्या मते नानांनी येथे नकळत एक मोठी गोष्ट सांगितली. आमच्याच जिल्ह्यात, मुरूडजवळच्या नांदगावी, गणेश दैवज्ञ नावाचे ज्योतिषी होऊन गेले. त्यांनी शके १४४२ म्हणजे १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिला आणि ग्रहांची स्थिती काढण्याचे सारे गणित ज्या-चापांची कटकट वगळून इतके सुटसुटीत करून ठेवले, की पुढे कित्येक शतके या देशातील पंचांगे त्याच्या आधारे निघत राहिली. त्यांनी स्वतः वेध घेतले नाहीत असे नाही, पुष्कळ घेतले. तरीपण ज्या किनाऱ्यावर वर्षातले चार महिने आकाश नसते, तेथील विद्वानास सोप्या गणिताची निकड इतरांहून अधिक भासली असणार असा माझा तर्क आहे. उज्जैनीच्या ज्योतिष्यास अंगणात येऊन पाहता येत होते. नांदगावकरांना श्रावणात ओटीवर बसून हिशेबच करावा लागला असेल. साहेब जागेवर नसताना कचेरी कशी चालवावी, ही विद्या मूळची कोकणातील आहे.

या विचारात असतानाच वीज गेली. वीज जाणे ही आमच्याकडे घटना मानली जात नाही. परंतु येथे चमत्कार असा झाला, की संगणक आणि प्रक्षेपक यांस बॅटरीचा आधार होता, ब्लोअरला तो नव्हता. त्यामुळे तारे तेवढे झळकत राहिले आणि आकाश खाली येऊ लागले. प्रथम कोणाच्या ध्यानात आले नाही. व्याध आहे त्याहून मोठा दिसतो आहे, एवढे एका मुलाने सांगितले. मग सप्तर्षींतील वसिष्ठ माझ्या सौभाग्यवतींच्या अंबाड्यास लागले. मुले हर्षभरित होऊन उभी राहिली आणि हाती येतील तेवढे तारे पकडू लागली. मागच्या रांगेतून कोणी रामनाम घेऊ लागले. ड्रॉइंगचे उंच मास्तर पुढे झाले आणि दोन्ही हातांनी त्यांनी उत्तर दिशा वर उचलून धरली. मार्गदर्शक शांतपणे म्हणत होता, "कोणी घाबरू नका, कापडच आहे, बसल्या जागी बसा." आत्या बसल्या जागी बसून होती. मृग तिच्या मांडीवर आला होता, आणि ती ते तीन तारे बोटाने हळूच मोजून पाहत होती.

वीज आली. आकाश उसासा टाकून पुन्हा वर गेले. "सगळे जाग्यावर आले का बघून घ्या," नाना म्हणाले, "नाहीतर फेरफार घालावा लागेल."

बाहेर निघण्याच्या वाटेवर एका मेजावर अभिप्राय वही ठेवलेली होती. आधीच्यांनी 'छान', 'खूप छान', 'ज्ञानात भर पडली' असे सुटसुटीत अभिप्राय दिले होते. नानांनी चष्मा लावला, खुर्ची मागवली आणि लिहावयास घेतले: माघ-फाल्गुनात मौजे महाड व पोलादपूर येथे आकाश मूळ स्वरूपात आणि विनामूल्य उपलब्ध असल्याने त्याच्या प्रतिकृतीची तादृश निकड नाही, मृग ते हस्त या मुदतीत मात्र ते अजिबात उपलब्ध होत नाही, सबब सदरहू तारांगण पुढील साली त्या मुदतीत पाठवण्याची तजवीज व्हावी.

मार्गदर्शक तरुणाने ते वाचले आणि डोके खाजवले. "काका, म्हणणं बरोबर आहे तुमचं. पण पावसाळ्यात आम्ही निघत नाही. कापड दमट झालं की बुरशी धरते, आणि घाटात टेंपो अडकला तर पुढच्या शाळेला काय सांगणार?"

नानांनी वही परत मागून घेतली आणि खाली शेरा जोडला: 'समक्ष विचारता, आकाश हस्त नक्षत्र संपेपर्यंत बंद राहते असे सांगण्यात आले. माहितीस्तव.' मग वही त्या तरुणापुढे सरकवून त्यांनी त्यास शेऱ्याखाली सही करावयास लावली. त्याने बिचाऱ्याने मुकाट्याने सही केली. नानांनी त्याच्याकडून खाली तारीखही घालून घेतली.